पस्तीस थरांचं गोल्फ

निवृत्तीच्या दिवशी क्लबने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती. पुण्यातल्या एका गोल्फ क्लबच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं टायपिस्ट होते. सभासदांच्या तक्रारी, स्पर्धांची पत्रकं, स्कोअरकार्डाच्या मागे छापायचे नियम, सगळं माझ्या बोटांखालून गेलं. पण खिडकीबाहेरच्या त्या हिरव्यागार मैदानावर मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. चहा पोचवणारा शिपाईसुद्धा मैदान तुडवून यायचा, मी नाही. "बाई, एक फटका मारून बघता का?" असं एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. निरोप समारंभाला मात्र कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि मला सात जुन्या काठ्यांची पिशवी भेट मिळाली. टाळ्या झाल्या, सामोसे झाले. पिशवी घरी येऊन दाराआड उभी राहिली आणि पावसाळ्यात तिच्यावर छत्र्या वाळू लागल्या.

मग विनायकचा फोन आला. विनायक माझा मावसभाऊ, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीचा. तीस वर्षं मुंबईत इमारती बांधतोय. महाबळेश्वरला जाणारी मंडळी थांबतील म्हणून त्याने गावच्या जमिनीवर नऊ होलचं गोल्फचं मैदान केलं होतं.

"सुलूताई, तू गोल्फमधली. एकदा येऊन खेळून जा आणि तुझं मत सांग."

"अरे, मी टाईप करायचे."

"तेच ते," विनायक म्हणाला.

'तेच ते' म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. आणि खोटं कशाला बोलू, मला जायचंच होतं.

शुक्रवार : वीर ते वाडी

पनवेलला मुलीकडे होते, तिथून गाडीने वीरला उतरले. डिसेंबरातली सकाळ. स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याने पिशवी उचलली आणि आतल्या काठ्या खणखणल्या तशी पुन्हा खाली ठेवली.

"ताई, बंदुका हायत काय?"

"गोल्फच्या काठ्या आहेत हो."

"हां! म्हंजे विनायकशेठच्या खड्ड्यांवर चाललाव. जावा, जावा. तिथले पार बघा. तसे पार आख्ख्या तालुक्यात नायत."

मला इतकं बरं वाटलं! आता गोल्फमधलं हे एकच गणित सांगते, पुढे त्रास देणार नाही. प्रत्येक होलला एक आकडा ठरलेला असतो. चांगल्या खेळाडूने तेवढ्या फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालावा, अशी अपेक्षा. जवळच्या होलला तीन, लांबच्याला चार, फारच लांबच्याला पाच. त्या आकड्याला 'पार' म्हणतात. आमच्या क्लबात वीस-वीस वर्षं सभासद असलेल्यांच्या बायकांना हे माहीत नसतं, आणि इथे वीरच्या रिक्षावाल्याला माहीत!

"पार तीनचे आहेत का जास्त?" मी ऐटीत विचारलं.

"तीनचे हायत, चारचे हायत, पाचचे हायत. शेवटच्या पाचच्या पारावर तर आमच्या मेव्हन्याच्या लग्नाची पंगत बसली होती."

पंगत? मैदानावर बसली असेल, असं मी मनाशी म्हटलं. महाडला विनायक गाडी घेऊन उभा होता. एरवी हा बडबड्या माणूस, पण पोलादपूर येईपर्यंत हवापाण्यापलीकडे गेला नाही. उमरठचा फाटा मागे पडला, गाडी एका वळणावर थांबली, आणि मैदान दिसलं.

काय सुंदर जागा आहे! तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये उतरती हिरवळ, तिच्यात आंबे, वड, उंबर, ऐन, एकेक झाड तब्येतीने वाढलेलं. आमचं पुण्याचं मैदान त्यापुढे अगदी शाळकरी वाटलं. आणि प्रत्येक लाल निशाणाजवळच्या झाडाभोवती काळ्या दगडाचा, घडीव, गोल पार. बसायचा पार. गावात वडाभोवती असतो तो.

मी पहिला पार बघितला. दगडांचे तीन थर. दुसऱ्याला चार. लांब, अगदी टोकाच्या आंब्याभोवती मोजले, पाच.

"विन्या," मी म्हटलं, "हे..."

"हो."

"म्हणजे पार तीन..."

"हो, ताई."

मी मटकन बसले. कुठे बसले? पारावरच. आणि जी हसत सुटले ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. विनायक मात्र तोंड पाडून उभा. त्याने डिझायनरच्या नकाशावरून आकडे उतरवून गावी चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठी गेली धोंडूकाकांकडे. हे त्याचे चुलत चुलते, वय चौऱ्याहत्तर, उभा जन्म गवंडीकामात गेलेला. चिठ्ठीत होतं, प्रत्येक होलला पार हवा, आणि पुढे आकडे. काकांनी सात महिने खपून नऊ पार बांधले. विनायक मुंबईहून उगवला तो एकदम काम झाल्यावर.

"पुढच्या रविवारी माझे मुंबईचे लोक खेळायला येतायत. जन्मभर टिंगल करतील," तो म्हणाला. "उद्याचा दिवस मध्ये आहे. परवा सकाळी जेसीबी येतोय. सगळे काढून टाकायचे."

"काकांना माहीत आहे?"

विनायक गाडीच्या चाव्या बोटाभोवती फिरवत राहिला. "माझ्या तोंडून निघत नाही गं. त्यांच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेलोय. तू उद्या सगळे नऊ होल खेळ आणि शेवटी त्यांना सांग, की गोल्फच्या नियमात हे बसत नाही. तू पुण्याची, एवढ्या मोठ्या क्लबातली. तुझं ऐकतील."

म्हणजे मला मतासाठी नाही, वाईटपणा घ्यायला बोलावलं होतं! राग आला होता, पण पोटात भूकही होती आणि धोंडूकाकांच्या घरातून वालाच्या बिरड्याचा वास सुटला होता. मी "बघू" म्हटलं. आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे होकार, हे विनायकला पक्कं ठाऊक आहे.

शनिवार : नऊ होल

सकाळी धोंडूकाका दारात हजर. पांढरी टोपी, लेंगा, अंगाने काटकुळे आणि हात मात्र पंजे म्हणावेत असे. पिशवी तेच घेणार होते. त्यांनी टॉवेलाची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर काठ्यांची पिशवी आडवी टाकली.

"काका, खांद्याला लावतात ती."

"खांदा कावडीला गो बाय. वझं डोक्यावर."

पहिला होल उंबराखालचा. एकतीस वर्षं मी खिडकीतून पुरुषांच्या कमरा वळताना बघितल्या होत्या. पाय कसे ठेवायचे, मान कशी खाली, सगळं पाठ. मी पदर खोचला, काठी वर नेली आणि खाली आणली. चेंडू जागच्या जागी. दुसऱ्यांदा मातीचं मोठं ढेकूळ उडालं आणि चेंडू तिथेच. तिसऱ्यांदा तो पंधरा पावलं घरंगळला आणि थांबला.

"तीन झाले," काका म्हणाले. "चल, बसू या."

"बसू? अहो, चेंडू इथेच आहे अजून."

"पार तीनचा हाय ना? तीन मार मारले का बसायचं."

मग त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं. विनायकने पार लिहिला, आकडे लिहिले, कारण काही लिहिलं नाही. तेव्हा काकांनी आपल्या डोक्याने विचार केला. खेळ मेहनतीचा. माणूस दमणार. जवळच्या होलला तीन मारांत दमेल, लांबच्याला पाच. जितका जास्त दमणार तितका पार उंच पाहिजे, म्हणजे वारा लागेल. म्हणून तीनचा तीन थरांचा, पाचचा पाच थरांचा. मी बारकाईने चूक शोधली. सापडली नाही.

तर आम्ही शंभर पावलं पुढे पाराकडे गेलो, बसलो, तांब्यातलं पाणी प्यालो आणि पुन्हा शंभर पावलं मागे चेंडूकडे आलो. हे प्रत्येक होलला असंच चाललं. मी नऊ होल खेळले ते अंतराने अठरा भरतील.

दुसऱ्या होलच्या गादीवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताला इथे गादी म्हणतात) काकी वाकून गवत लावत होत्या. काकी म्हणजे धोंडूकाकांची बायको, बोलायला काकांच्या दुप्पट. गादीचा मधला भाग टकला पडला होता.

"कीड लागली का हो?" मी विचारलं.

"कीड कसली गो, गनपती लागला! ह्या विन्यानं मुंबैवरनं पेटीत बर्फ घालून गवत धाडलं. लय भारी, परदेशी, म्हनाला. मी पेटी उघडते तर हरळी! शेतातनं उपटून उपटून बोटं झिजली आमची, ती हरळी ह्यानं बर्फात घालून धाडली. मंग आमी बायकांनी भाताच्या लावनीवानी चिखल करून लावली. छान आली. आनि गनपतीत सगळ्या वाडीच्या पोरी परड्या घेऊन हितं दूर्वा खुडायला."

"तुम्ही अडवलं नाही?"

"देवाच्या कामाला कशी अडवू? मीच दोन जुड्या नेल्या."

पुण्याच्या क्लबात त्या गवतावर चुकीच्या बुटाने उभं राहिलं तरी सभासदाला पत्र जायचं. पत्र मीच टाईप करायचे.

तिसऱ्या होलला माझा चेंडू कधी नव्हे तो उडाला आणि नेमका लाकडाच्या मोळ्या घेऊन डोंगरातून उतरणाऱ्या चार बायकांच्या रोखाने निघाला. अशा वेळी 'फोर' ओरडायचं असतं, हा खेळाचा कायदा. मी जीव खाऊन ओरडले, "फोर! फोर!"

चौघी जागच्या जागी थांबल्या. "पोर? कुनाचं पोर गो?" आणि मोळ्या टाकून झाडीत पोर शोधायला लागल्या. चेंडू त्यांच्या मधून सूं करत गेला. काकांनी कपाळाला हात लावला.

"बाय, हितं असं नाय वरडायचं. 'सरा गो' म्हनायचं. सरतात."

बायका हसून बेजार झाल्या आणि आमच्याबरोबर पारावर येऊन टेकल्या. चार थरांच्या त्या पाराच्या काठाला मोळी टेकवली की डोक्यावरून उतरवायला कुणाची मदत लागत नाही, असं त्यांतल्या एकीने मला करून दाखवलं. "आदी मोळी उतरवायला मानूस बोलवायला लागायचं. काकांनी हिशेबात बांधलाय," ती म्हणाली. काका दुसरीकडे बघत होते, पण कान इकडेच होते.

चौथ्याला तळं आहे. तळ्यात म्हैस बसते. चेंडू म्हशीच्या पाठीवरच्या चिखलात रुतला आणि म्हैस शांतपणे रवंथ करत राहिली. नियमाप्रमाणे जनावर हा बाहेरचा घटक, त्याचा दंड नाही. मी काकांना तसं सांगितलं. म्हशीला कोण सांगणार? आम्ही ती उठेपर्यंत पारावर बसलो आणि ती उठलीच नाही. पिशवीतला दुसरा चेंडू काढला.

पाचव्याच्या पारावर काकींनी जेवण आणलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भाजलेला सुका बोंबील, कांदा. पुण्याच्या क्लबात खेळ अर्धा झाला की सभासद थंड सँडविच खायचे आणि खानसाम्याची तक्रार करायचे. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. काकी चौथी वाढत होत्या, तेव्हा काका म्हणाले, "पार पाचचा हाय, पाच खायला हव्यात." तिथे वारा खरंच लागतो हो.

सहाव्याला चेंडू जाऊन पाराच्या दगडाला चिकटून बसला. मारायला जागाच नाही. आणि इथे मात्र मी खरीखुरी पंडित निघाले. कार्डाच्या मागे छापायचा नियम मी इतक्या वेळा टाईप केला होता की तोंडातून घडाघडा आला.

"चेंडू न हलणाऱ्या अडथळ्याला टेकला असल्यास, दंड न घेता तो एक काठी अंतर बाजूला ठेवावा."

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"न हलनारा," काका सावकाश म्हणाले आणि पाराच्या दगडावर हात ठेवला. "हे लिवलेलं हाय?"

"हो. मीच लिहिलंय. म्हणजे टाईप केलंय."

"मंग पार न हलनारा. तुमच्या क्लबाचं पन तेच म्हननं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी येणार होता. मी चेंडू एक काठी बाजूला ठेवला आणि पुढचा फटका मारला. लाज वाटली मला स्वतःची.

सातव्याला वाळूचा खड्डा आहे. बरेच गोल्फवाले वाळूला घाबरतात. इथली अर्धी वाळू कुणाच्या तरी न्हाणीघराच्या बांधकामात गेलेली आणि उरलेल्या अर्धीत आठ कोंबड्या अंग घोळून न्हात होत्या. मी 'सरा गो' म्हटलं. कोंबड्या सरल्या नाहीत.

आठव्यापर्यंत माझे हात दुखून आले होते. तिथून आंबेनळी घाटाचा रस्ता दिसतो, वळणावळणाने महाबळेश्वरकडे चढणारा, त्यावर मुंगीएवढ्या गाड्या. मी चेंडू जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर ठेवून उगाच उभी राहिले.

"काय झालं गो?"

"जमत नाही हो काका मला. नुसती माती उकरतेय सकाळपासून."

"मार गो बाय. कोन बघतंय?"

एकतीस वर्षं जे ऐकायचं होतं, ते हेच बहुतेक. मी मारला. टक्क असा आवाज झाला, हाताला काही लागलंसुद्धा नाही, आणि चेंडू उडाला. खरा उडाला. उंच, सरळ, ऐनाच्या झाडावरून, आणि खाली हिरवळीवर पडून पळतच सुटला. मी साठी उलटलेली बाई उड्या मारायला लागले. काका डोक्यावरच्या पिशवीसकट हसत होते.

नववा होल, पार पाच. आंब्याचं जुनं झाड आणि भोवती पाच थर. दगड इतके नेटके बसवलेले की सांध्यात नखसुद्धा जात नाही. माझे पाच मार अर्थातच वाटेतच संपले. आम्ही जाऊन बसलो. आता बोलायलाच हवं होतं. मी पाणी प्याले, पुन्हा प्याले, तांब्या रिकामा झाला.

"काका, एक सांगायचं होतं."

"म्हाईत हाय." त्यांनी टोपी काढली. टोपीच्या घडीत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चिठ्ठी. "जेसीबीवाला आमच्या खालच्या वाडीचा पोरगा. परवाच इचारायला आला, काका, तुमचे पार काढायला सांगितलेत, काढू का? मी म्हटलं, पुन्याची बाय येतेय, ती काय म्हनते ते ऐकू."

"म्हणजे सकाळपासून तुम्हाला..."

"हां. खेळ तरी झाला पायजे ना तुझा." चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात दिली. "तोडायचे तर मीच तोडीन. माझ्या हातचे दगड मशीनला नाय सापडायचे नीट, फुटतील. फक्त येवढं सांग. ह्यात मी चुकलो कुठं?"

विनायकचंच अक्षर. 'काका, एकूण नऊ होल. प्रत्येक होलला पार हवा. पहिला पार तीन, दुसरा पार चार, तिसरा पार चार...' असं थेट नवव्यापर्यंत. खाली, 'काम चोख व्हावं, आकड्यांत फरक नको.' मी दोनदा वाचलं. टायपिस्टच्या नजरेने वाचलं. एक अक्षर इकडेतिकडे नव्हतं.

"कुठेच नाही," मी म्हटलं. "त्याने पार मागितले, तुम्ही पार दिलेत."

"पस्तीस थर," काका म्हणाले. "आकड्यात फरक नाय."

मग मलाही राहवेना. "काका, माझंही एक ऐका. मी गोल्फमधली कोणी नाही. मी कारकुनी करायचे. आज पहिल्यांदा काठी हातात धरली."

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ते पयल्याच माराला कळलं गो," ते म्हणाले आणि पिशवी डोक्यावर घ्यायला उठले.

रविवार : नववा पार

सकाळी जेसीबी नवव्या होलपाशी उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर पारावर बसून चहा पीत होता. कपबशी काकींची होती. धोंडूकाका पलीकडे छिन्नी-हातोडा घेऊन बसले होते, कुणाशी न बोलता. विनायक लांबूनच मला खुणा करत होता, सांगितलंस का, सांगितलंस का.

मी जाऊन त्याच्या हातात काठी दिली.

"हे काय?"

"आधी हा होल खेळ. स्वतःच्या मैदानावर एकदा तरी खेळला आहेस का?"

नव्हताच खेळला. त्याला वेळ कुठला! "अगं ताई, ही काय वेळ आहे का," म्हणत त्याने पहिला मारला तो झुडपात गेला. दुसरा बांधाला आपटून मागे आला. तिसऱ्याला शर्टाचं बटण तुटलं. चौथा बरा होता. पाचवा मारेपर्यंत हा पोट सुटलेला बिल्डर घामाघूम होऊन कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता, आणि समोर पार होता.

"पाच झाले," धोंडूकाका म्हणाले. दोन दिवसांत विनायकशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. "बस रे विन्या."

विनायक उभाच. काकांनी छिन्नी बाजूला ठेवली आणि आपल्या शेजारची धूळ टोपीने झटकली. विनायक चढून बसला. पाचव्या थरावर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तो तसाच पाय लोंबकळवत बसून राहिला. आंब्याखाली वारा होता. काकींनी न विचारता चहा आणून दिला. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण जेसीबीच्या ड्रायव्हरने दुसरा कप मागितला.

"काका," विनायक शेवटी म्हणाला, "चिठ्ठी मी नीट लिहायला हवी होती."

"नीटच लिवलीस. तू इसरलास पार म्हंजे काय ते."

विनायकने मान खाली घातली. मग माझ्याकडे बघून अगदी लहान आवाजात म्हणाला, "पण ताई, ते मुंबईचे लोक हसतील गं."

"हसू देत की!" मी म्हटलं. "हसून हसून दमले की बसतील कुठे? तुझ्या मैदानावर सोय आहे. बाकी कुणाकडे आहे का?"

आधी ड्रायव्हर हसला. मग काकी. मग विनायक हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले ते मी न बघितल्यासारखं केलं. जेसीबी आल्या वाटेने परत गेला. जाताना ड्रायव्हरने काकांना विचारलं की त्याच्या घरापुढच्या जांभळीला एक पार बांधून मिळेल का, आणि किती नंबरचा घ्यावा.

मी मग माझं खरं काम केलं. विनायकच्या लॅपटॉपवर स्कोअरकार्डाची मागची बाजू टाईप केली. प्रत्येक मैदानाला आपले स्थानिक नियम ठरवायचा हक्क असतो, हे मला माहीत नसेल तर कुणाला?

एक. या मैदानावरील नऊही पार न हलणारे आहेत. चेंडू टेकल्यास दंड न घेता एक काठी बाजूला ठेवावा. दोन. पाराइतके फटके झाल्यावर खेळाडूने पारावर बसावं आणि पाणी प्यावं. तीन. माणसं समोर असल्यास 'फोर' असं न ओरडता 'सरा गो' असं ओरडावं. चार. गणपतीच्या दिवसांत गादीवरील दूर्वांबाबत तक्रार चालणार नाही. पाच. म्हैस उठेपर्यंत थांबावं किंवा दुसरा चेंडू घ्यावा.

दुपारी आंबेनळीमार्गे पुण्याला परतायचं होतं. निघताना कागद काकांना वाचून दाखवला.

"पयला परत वाच."

वाचला.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचला. 'न हलणारे' या शब्दाला त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग त्यांनी कागदाची घडी केली, विनायकच्या जुन्या चिठ्ठीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी टोपीत, टोपी डोक्यावर. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीपाशी वाकले.

"ह्यात तरी सगळं नीट लिवलंयस ना गो बाय? नायतर मी परत कायतरी बांधून ठेवीन."